भरलेली ट्रॉली आणि डांबरी रस्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गळीत हंगाम सुरू झाला की बीड, लातूर, धाराशिव, परभणी, जालना, कुठल्याही रस्त्याला लागा, पुढे उसाची ट्रॉली असतेच. त्याआधी सोयाबीन मोंढ्यात जातं, मग कापूस जिनिंगला. ही पानं ट्रॅक्टरमालक, चालक आणि हंगामापुरता ट्रॅक्टर हातात घेणाऱ्या घरच्या पोरांसाठी आहेत. शेतातल्या कामाचे प्रश्न इथे घेतलेले नाहीत. गाडी डांबरीवर आल्यानंतरचेच घेतले आहेत.

माझा ट्रॅक्टर ५० एचपीचा आहे. किती टनांची ट्रॉली ओढेल?

ओढायला तो बरंच ओढेल, सपाटीवर १५ टनसुद्धा हलवेल. पण विचारायचं ते हे: थांबवेल किती? इंजिनाच्या एचपीचा आणि ब्रेकचा काही संबंध नाही. बहुतेक ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन मोठ्या चाकांना असतात, आणि गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात बांधलेल्या ट्रॉलीला बऱ्याचदा ब्रेक नसतातच.

हिशोब मांडून बघा. ट्रॅक्टर २,२०० किलो, भरलेली ट्रॉली १०,००० किलो, ट्रॉलीला ब्रेक नाही. हुकावरचा भार धरून मागच्या चाकांवर साधारण २ टन वजन येतं. कोरड्या डांबरावर टायरची पकड या वजनाच्या सुमारे ०.६ पट, म्हणजे १,२०० किलो. एवढ्या ताकदीवर सव्वाबारा टन थांबवायचे आहेत. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा दीड सेकंद धरला, तर गाडी थांबायला लागणारं अंतर असं येतं:

ताशी २० किमी: सुमारे २४ मीटर
ताशी ३० किमी: सुमारे ४७ मीटर
ताशी ४० किमी: सुमारे ७८ मीटर

वेग दुप्पट झाला की नुसत्या ब्रेकचं अंतर चौपट होतं. चाळीसने चालणाऱ्या ट्रॉलीपुढे पन्नास मीटरवर मोटारसायकल आडवी आली, तर चालक कितीही हुशार असो, धडक ठरलेली. म्हणून ब्रेक नसलेल्या भरल्या ट्रॉलीला सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी २० ते २५ हाच वेग. गावातून, शाळेपुढून, बाजाराच्या दिवशी मोंढ्याच्या तोंडाशी त्याच्या निम्मा.

ट्रॉलीला ब्रेक बसवून घेता येतात. हवेचे, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावरचे) किंवा ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणाऱ्या दांडीवर दाब आला की आपोआप लागणारे, असे तिन्ही प्रकार मिळतात. नव्या ट्रॉलीची ऑर्डर देताना रंग आणि नक्षीवर जो खर्च होतो, तो आधी इथे करावा.

ब्रेक मारला की ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो. का?

पहिली शंका पेडलच्या खटक्यावर घ्या. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचा ब्रेक वेगळा असतो, शेतात तासाच्या टोकाला जागच्या जागी वळता यावं म्हणून. डांबरीवर येण्याआधी दोन्ही पेडल जोडणारा खटका लावावाच लागतो. तो न लावता घाईत एकच पेडल दाबलं गेलं, तर एक चाक जागेवर थांबतं, दुसरं चालतं, आणि मागून दहा टन ढकलत असतात. ट्रॅक्टर आडवा होतो.

खटका लावूनही ओढत असेल तर दोन्ही पेडलचा मोकळा खेळ सारखा नाही. मोकळ्या जागी, ट्रॉली सोडून, ताशी दहाच्या वेगाने ब्रेक मारा आणि मातीवर चाकांच्या खुणा बघा. एका बाजूची खूण लांब, दुसरीकडे काहीच नाही, असं दिसलं तर रॉडची लांबी जुळवून घ्या. तरी फरक पडला नाही तर आत तेल शिरलंय किंवा लायनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) संपलंय. ते काम मेकॅनिकचं.

ट्रॉली कुठे जोडायची? वरच्या होलात लावली की ट्रॅक्टर चांगला ओढतो असं म्हणतात.

ओढतो, आणि पुढून उठतोही. हुक मागच्या एक्सलच्या मध्यापेक्षा खालीच हवा. कंपनीने दिलेल्या ड्रॉबारला किंवा ट्रॉलीच्या हुकालाच दांडी जोडा. टॉप लिंकच्या (अवजाराची वरची दांडी लागते त्या) जागी, एक्सलला साखळी बांधून, किंवा थ्री-पॉइंटच्या (अवजार उचलणाऱ्या तीन दांड्यांच्या) आडव्या पट्टीला लावून कधीही ओढू नका. ओढ एक्सलच्या वर गेली की मागची चाकं जमिनीवर अडतात आणि ट्रॅक्टर स्वतःभोवती मागे फिरायला लागतो. पुढची चाकं उचलल्यापासून पालथं व्हायला सेकंद-दीड सेकंद लागतो, तेवढ्यात क्लच दाबायचं कुणाला सुचत नाही. चिखलात रुतलेली ट्रॉली काढताना असे अपघात सर्वात जास्त होतात: पहिला गिअर, भरपूर ॲक्सिलरेटर आणि झटक्यात सोडलेला क्लच. रुतलेली ट्रॉली रिकामी करा, चाकापुढची माती खोदा, मग सावकाश ओढा. अर्धा तास जाईल.

पिनबद्दल. दांडी हुकात अडकवणारी ही पिन होलाच्या मापाची हवी. बारीक पिन घातली की खडखड होते, होल अंडाकृती होत जातं आणि पिनेला मधोमध गळा पडतो. पिन काढून बोट फिरवा. खाच लागली तर पिन बदला, वेल्डिंगने भरू नका. वेल्डिंगजवळचं लोखंड ठिसूळ होतं आणि नेमकं तिथेच तुटतं. पिनेच्या खालच्या टोकाला लिंच पिन (पिन निघू न देणारी कडीची छोटी खिट्टी) हवी. तारेचा तुकडा किंवा खिळा वाकवून चालत नाही, खड्ड्यात पिन वर उसळते आणि खिळा सरळ होऊन निघून जातो.

सोबत सुरक्षा साखळी. ती दांडीखालून फुलीसारखी, डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे न्यावी, म्हणजे पिन निघाली तरी दांडी जमिनीत न रुतता साखळीच्या झोळीत राहते. वळताना ताण येणार नाही एवढीच ढिली ठेवा. जमिनीला घासेल इतकी सोडू नका.

माल पुढे भरावा की मागे?

दोनचाकी ट्रॉली असेल तर हा फार मोलाचा प्रश्न आहे.

माल मागे जास्त झाला की दांडी वर उचलते. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचं वजन घटतं, म्हणजे ओढही घटते आणि ब्रेकही. शिवाय ट्रॉली शेपूट हलवते. ताशी पंचवीसच्या पुढे गेलं की ती डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागते आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. हे सुरू झालं तर स्टिअरिंगने भांडू नका, ब्रेकही मारू नका. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा.

माल पुढे जास्त झाला तर हुकावर इतका भार येतो की ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात. स्टिअरिंग फिरतं, गाडी वळत नाही. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, असा ठोकताळा आहे. २,२०० किलोच्या ट्रॅक्टरला सुमारे ४४० किलो. वजनकाट्यावर फक्त पुढची चाकं चढवून हे पाच मिनिटांत कळतं. कमी भरलं तर पुढे वजनाच्या प्लेटा लावा, किंवा माल थोडा मागे घ्या.

एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका भार हुकावर आला की दोनचाकी ट्रॉली नीट चालते. धान्याच्या पोत्यांची पहिली थर एक्सलवर आणि जरा पुढे लावा, शेवटची पोती मागे. चारचाकी ट्रॉलीला, म्हणजे पुढे टर्नटेबल (पुढची चाकं वळवणारी फिरती चकती) असलेल्या ट्रॉलीला, हुकावर भार जवळपास येतच नाही. तिथे माल मधोमध पसरला की झालं. पण मग ट्रॅक्टरला वरून दाबणारं वजनही मिळत नाही, हे लक्षात ठेवून ब्रेकचं अंतर वाढवून धरा.

ट्रॉली वळणावर पलटते ती वेगामुळे की उंचीमुळे?

दोन्हींमुळे. ते एकमेकांत कसे गुंतलेत ते आकड्यात बघू. दोन चाकांमधलं अंतर १.६ मीटर. ट्रॉलीची फळी जमिनीपासून १.२ मीटरवर. तिच्यावर २ मीटर उंच ऊस भरला तर मालाचा मध्य २.२ मीटरवर येतो. १५ मीटर त्रिज्येचं वळण घ्या, म्हणजे गावातल्या तिठ्यावर असतं तसं. ताशी २० ला ट्रॉली निभावते. २५ ला आतली चाकं हलकी पडून पलटायच्या काठावर येते. ३० ला पलटतेच. तोच ऊस १.४ मीटर उंच भरला तर २५ ला थोडी सवड उरते, पण ३० ला तीही नाही.

हे सगळं सपाट रस्त्यावर. खड्ड्यात बाहेरचं चाक गेलं, पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) थकलेले असले, उसाच्या मोळ्या एका अंगाला कलल्या किंवा रस्ता बाहेरच्या बाजूला उतरता असला, तर याहून कमी वेगात पलटते. भरताना मोळ्या आडव्या-उभ्या गुंफून रचा, नुसत्या ढिगासारख्या टाकू नका. दोर दोन ठिकाणी, आणि कारखान्याच्या वाटेवर पहिल्या पाच-सात किलोमीटरनंतर थांबून पुन्हा ताणा. ऊस बसतो, दोर सैल होतो. सोयाबीनची सुटी रास नेत असाल तर वर ताडपत्री आणि मागचा फाळका (उघडझाप करणारी फळी) खिट्टी लावून बंद. फाळक्याच्या फटीतून सांडलेलं सोयाबीन मागच्या मोटारसायकलला गोट्यांसारखं असतं.

वळणात शिरण्याआधी वेग कमी करा. वळणात शिरल्यावर ब्रेक मारला तर भार पुढच्या बाहेरच्या चाकावर येतो आणि उरलीसुरली सवड संपते.

घाट उतरताना कोणता गिअर?

ज्या गिअरमध्ये हाच घाट भरल्या ट्रॉलीने चढता आला असता, तोच किंवा त्याच्या खालचा. आणि तो उताराच्या डोक्यावर, थांबून टाकायचा. उतारावर गिअर बदलायला क्लच दाबला की इंजिनाची अडवणूक संपते, वेग वाढतो, मग गिअर पडत नाही, आणि गाडी मोकळी होते.

धारूर, मांजरसुंबा, कन्नड, तुळजापूर. बालाघाटाच्या आणि अजिंठ्याच्या रांगेतले हे घाट लांबीने फार मोठे नाहीत. म्हणूनच चालक त्यांना हलक्यात घेतात. आधीचाच हिशोब पुढे न्या. बारा मीटरला एक मीटर उतार असेल तर सव्वाबारा टनांची गाडी खाली सुमारे १,००० किलोच्या जोराने ओढली जाते. कोरड्या रस्त्यावर ब्रेकची पकड १,२०० किलो, म्हणजे जेमतेम २०० किलो शिल्लक. पाऊस पडून गेला की पकड ८०० वर येते. टायरांचा रस्त्याशी होणारा विरोध जमेस धरला तरी ब्रेक पूर्ण लागून चाकं अडलेली असताना गाडी थांबणार नाही, फार तर वेग वाढणार नाही. अशा वेळी त्या घाटाने भरली ट्रॉली नेऊच नये, दुसरा रस्ता घ्यावा किंवा माल निम्मा करावा.

ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरू नका. लायनर तापतात आणि नेमक्या शेवटच्या वळणावर पेडल खाली जातं. गिअरने वेग धरा. वेग वाढलाच तर ब्रेक दाबून वेग त्या गिअरच्या वेगापर्यंत खाली आणा आणि सोडा, मग पुन्हा.

डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारणं ही तर सरळ आत्महत्या आहे. यात डिझेल वाचतं हाही गैरसमजच: गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की पंप इंजिनाला डिझेल जवळपास देतच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला ते खातं.

उतारावर ट्रॉली मागून ढकलून ट्रॅक्टरला बाजूला फिरवायला लागली, कात्रीसारखा कोन व्हायला लागला, तर ब्रेक सोडा आणि किंचित ॲक्सिलरेटर देऊन ट्रॅक्टर पुढे ताणून सरळ करा. मनाला पटत नाही, पण अडलेली चाकं सोडल्याशिवाय ती पुन्हा वळत नाहीत.

एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावाव्यात का?

आमचं मत: नको. वजन दुप्पट होतं, ब्रेक तेवढाच राहतो. वर काढलेलं ३० च्या वेगाचं ४७ मीटर अंतर इथे ऐंशीच्या आसपास जातं. मागची ट्रॉली वळणात आत कापत येते, तिथे साइडपट्टीवरून चालणारा माणूस चालकाला दिसतच नाही. ओव्हरटेक करणाऱ्याला गाडी किती लांब आहे याचा अंदाज लागत नाही.

तरीही हंगामात दोन चालतात, म्हणून एवढं तरी पाळा. जड ट्रॉली पुढे, हलकी मागे, उलट नाही. दोन ट्रॉल्यांमधली पिन आणि साखळी ट्रॅक्टरच्या पिनेइतकीच भक्कम. मागच्या ट्रॉलीचे दिवे पुढच्या ट्रॉलीतून नेलेल्या वायरने लागतात की नाही हे निघताना खाली उतरून बघा. आणि घाटात एक-एक करून न्या.

रात्री मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसतच नाही. काय लावायचं?

भरल्या उसाच्या ट्रॉलीला मागून रंग नसतो. अंधारात ती काळ्या ढिगासारखी असते, आणि समोरून येणाऱ्याच्या हेडलाइटमध्ये तर पूर्ण पुसली जाते. ताशी ८० ने येणारी कार सेकंदाला २२ मीटर कापते, तुम्ही सात. म्हणजे दोघांतलं अंतर सेकंदाला १५ मीटरने मिटतं.

चमकणाऱ्या टेपचा नियम साधा आहे: पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. मागच्या बाजूला टेप फाळक्याच्या पूर्ण रुंदीभर आणि दोन्ही कडांना उभी लावा, म्हणजे गाडीची रुंदी कळते. पण ऊस फाळक्याच्या बाहेर लोंबतो आणि टेप झाकते. म्हणून बाहेर आलेल्या टोकांना एक लाकडी किंवा पत्र्याची फळी दोराने लटकवा, तिच्यावर लाल टेप आणि लाल रिफ्लेक्टर. फळी कारखान्यात सोडली जाते आणि विसरली जाते. ती ट्रॅक्टरच्या सीटखाली ठेवायची सवय लावा. टेप धुळीने आठ दिवसांत मंद होते. ओल्या फडक्याने पुसायला मिनिट लागतं.

दिव्यांसाठी सात पिनांचं सॉकेट बसवून घ्या: दोन लाल टेल लाइट, दोन ब्रेक लाइट, दोन इंडिकेटर. उघड्या वायरी पिळून टेप गुंडाळण्याने काम होत नाही, हंगामात त्या दर आठवड्याला तुटतात. दिवा लागत नसेल तर आधी अर्थिंग बघा. ट्रॉलीची अर्थिंग हुकातून मिळेल असं धरून चालतात, पण हुकाला ग्रीस असतं. अर्थिंगची वेगळी वायर ओढा.

स्पीकरचा आवाज एवढा ठेवू नका की मागचा हॉर्न ऐकूच येणार नाही.

रस्त्यात टायर फुटला किंवा एक्सल बसला. गाडी रस्त्यावरच उभी करावी का?

शक्य असेल तर फुटलेल्या टायरवरच हळूहळू चालवत बाहेर काढा. टायर वाचवण्यासाठी वळणावर किंवा पुलावर थांबू नका. थांबावंच लागलं तर इंडिकेटर लावा, चाकांना लाकडी ठोकळे लावा, आणि चमकणारा त्रिकोण मागे किमान ७० पावलांवर, म्हणजे साधारण ५० मीटरवर ठेवा. महामार्गावर त्याच्या दुप्पट. वळण किंवा चढ असेल तर त्याच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला वळणाआधीच दिसेल असा.

झाडाची फांदी आणि दगड ही आपल्याकडची पद्धत. फांदी रात्री दिसत नाही. दगड त्याहून वाईट, कारण काम झालं की तो रस्त्यातच राहतो आणि पुढच्या मोटारसायकलस्वाराला पाडतो. निघताना त्रिकोण, ठोकळे आणि दगड मोजून उचला. जखमी असेल तर १०८, पोलिसांसाठी ११२.

काळ्या मातीची साइडपट्टी खचते. समोरून एसटी आली तर किती उतरायचं?

पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर: उतरायचंच नाही. वरून वाळलेली दिसणारी काळी माती खाली लोण्यासारखी असते. भरल्या ट्रॉलीचं डावं चाक एक फूट खचलं की ट्रॉली त्या अंगाला कलते, आणि वर सांगितलेला उंचीचा हिशोब लगेच लागू होतो. थांबा, समोरच्याला जाऊ द्या. चाक उतरलंच तर झटक्याने वर चढवू नका. वेग जवळपास शून्यावर आणून, डांबराची कड कमी उंच असेल तिथे तिरकं चढवा.

शेतातून डांबरीवर येताना टायरातली माती खोऱ्याने काढा. डांबरावर पडलेला काळ्या मातीचा चिखल पहिल्या सरीत साबणासारखा होतो, तुम्ही निघून गेल्यावरही.

टायर, हब, पाटे: किती दिवसांनी काय बघायचं?

रोज निघताना: टायरला हात लावून आणि डोळ्यांनी, व्हील नट, पिन, साखळी, दिवे.

हवा टायरच्या बाजूला लिहिलेल्या दाबानुसार भरा. ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या टायरला शेतात कमी आणि रस्त्यावर त्यापेक्षा काही पीएसआय जास्त लागतं, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. दोन्ही बाजूंना सारखा दाब असणं आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे. कमी दाबाचा टायर तापतो, आणि ट्रॉलीचे टायर फुटतात ते बहुतेक उन्हाने नव्हे, कमी हवा आणि जादा माल यांनी. रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला) टायर पुढच्या चाकांना लावू नका.

चाक बदललं की पन्नासेक किलोमीटरनंतर नट पुन्हा ताणा. पंधरा-वीस किलोमीटर चालवून थांबल्यावर प्रत्येक हबला हाताची पाठ लावून बघा. तीन कोमट आणि एक हात न ठेवण्याइतका गरम असेल तर त्या बेअरिंगचं ग्रीस संपलंय किंवा ते फार कसलंय. तसंच चालवलं तर बेअरिंग फुटून चाक एक्सलसकट निसटतं. हंगामात हबला, टर्नटेबलला आणि पाट्यांच्या शॅकलला आठवड्यातून एकदा ग्रीस. पाट्याचं एक पान तुटलं तर ट्रॉली त्या अंगाला कायमची कलते. रिकाम्या ट्रॉलीकडे मागून बघितलं की लगेच कळतं.

ट्रॉलीत माणसं बसवली तर काय होतं? लग्नाचं वऱ्हाड, यात्रा…

ट्रॉली मालासाठी आहे. येरमाळ्याची किंवा माळेगावची यात्रा असो, ऊसतोडीची टोळी असो, ट्रॉलीत बसलेल्या माणसाला धरायला काही नसतं आणि पलटली की वरून फळी येते. उसाच्या ढिगावर बसलेल्या माणसाला विजेच्या लोंबत्या तारांचाही धोका. मडगार्डवर बसलेला माणूस खड्ड्यात उसळला की थेट मागच्या चाकाखाली जातो, हा तर जुना आणि वारंवार घडणारा प्रकार. शिवाय अशा प्रवाशाची भरपाई द्यायला विमा कंपनी हरकत घेते, मग दाव्याची रक्कम मालकाच्या सातबाऱ्यापर्यंत येते.

कोणता परवाना आणि कोणते कागद लागतात?

मोटार वाहन कायद्यात ७,५०० किलोपर्यंत रिकाम्या वजनाचा ट्रॅक्टर हलक्या मोटार वाहनात मोडतो. ट्रॉली जोडली म्हणजे परवाना कुचकामी ठरतो का, यावर विमा कंपन्या वर्षानुवर्षं भांडल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा धरला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने तेच कायम केलं.

ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपासून वेगळी असते. विम्यातही ट्रॉलीचा उल्लेख वेगळा करून घ्या. ट्रॅक्टरचा विमा काढला म्हणजे ट्रॉलीचा निघाला असं नाही. शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर भाड्याने वाळू-खडी वाहत असेल तर कंपनी वापराच्या अटीवर बोट ठेवते. विमा नसताना पहिल्यांदा सापडलात तर २,००० रुपये, पुन्हा सापडलात तर ४,०००. जादा मालाला कायद्यात २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनाला आणखी २,००० रुपये दंड आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती गाडी दिली आणि गुन्हा घडला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड.

समृद्धी महामार्गावर ट्रॅक्टरला प्रवेश नाही.

ट्रॉली रिव्हर्स घेताना उलटीच जाते.

दोनचाकी ट्रॉलीला हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. ट्रॉलीचं शेपूट जिकडे न्यायचं तिकडे हात न्या. थोडंसंच. ट्रॉली वळायला लागली की लगेच उलट फिरवून तिच्या मागे जा. कोन वाढला तर जिद्द न करता पुढे घेऊन सरळ करा, पुन्हा घ्या. टर्नटेबलच्या चारचाकी ट्रॉलीला दोन ठिकाणी सांधा असतो, तिथे ही युक्ती उलटते. ती सरळच मागे घ्यावी, वळवू नये. दोन ट्रॉल्या जोडून रिव्हर्स नाही.

मागे उभा राहून हातवारे करणारा माणूस आरशात दिसला पाहिजे. तो दिसेनासा झाला की तिथेच ब्रेक. ट्रॉली आणि भिंत यांच्यामध्ये कुणीही उभं राहायचं नाही, पिन घालायला सुद्धा. ट्रॅक्टर थांबून न्यूट्रल झाल्यावरच मध्ये जायचं.

जीप किंवा कारला छोटी ट्रॉली लावली तर?

गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याच्या वजनाची मर्यादा दिली असेल तरच, आणि त्या आत. मर्यादा दिलेली नसेल तर बंपरला हुक वेल्ड करून ओढू नका, बंपर त्यासाठी नसतो. हुकावर दहावा हिस्सा भार, फुलीसारखी साखळी, दिव्यांचं सॉकेट हे सगळं तसंच. फरक एवढाच की कार वेगात जाते, त्यामुळे शेपूट हलणं इथे ताशी साठ-सत्तरला सुरू होतं आणि गाडीला घेऊन पलटतं.

ट्रॉली सोडताना पिन निघत नाही, हातोड्याने ठोकावी का?

पिन अडकलीय म्हणजे तिच्यावर ताण आहे. आधी ट्रॉलीच्या चाकांना पुढे-मागे दोन्हीकडे ठोकळे, मग दांडीखाली जॅक किंवा स्टँड, भार जॅकवर आला की दिवे-ब्रेकच्या वायरी आणि पाइप, मग साखळी. त्यानंतर ट्रॅक्टर बोटभर मागे घ्या, ताण गेला की पिन हाताने निघते. दोनचाकी ट्रॉलीत माल मागे असेल तर दांडी वर उसळते, म्हणून पिन काढताना तोंड दांडीवर झुकवू नका.